शाळेने स्वतःला विचारलेले तीन प्रश्न

मे-जून महिन्यांत स्कॉटलंडमधील शाळांत मुलांच्या परीक्षांखेरीज आणखी एका परीक्षेची लगबग असते. ही परीक्षा शाळेची, आणि परीक्षकही शाळाच. सरलेल्या वर्षात काय साधले, काय राहून गेले, हे आपण कशाच्या आधारे म्हणतो आणि ऑगस्टमध्ये नवे वर्ष सुरू झाल्यावर काय करणार, हे सारे शिक्षक एकत्र बसून लिहितात आणि पालकांपुढे ठेवतात. प्रत्येक शाळेचा असा आराखडा दरवर्षी व्हावा, असे तेथील २००० सालचा शिक्षण कायदा सांगतो.

कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात दूरदेशीच्या शाळांचे हे पुराण कशासाठी, असे आपल्या मनात येईल. ज्या घरात वृद्ध आईवडिलांची किंवा आजारी जोडीदाराची काळजी घेतली जाते, त्या घरात आणि चांगल्या शाळेत एक साम्य आहे. दोन्हींचा डोलारा सद्भावावर उभा असतो. आणि दोन्हींना एकच धोका असतो: आपण मनापासून करतो आहोत, म्हणजे चांगलेच चालले असणार, ही समजूत. शाळांनी या समजुतीवर एक उपाय शोधला. तो आपल्या घरात कितपत उपयोगी पडतो, ते पाहू.

स्कॉटलंडमधील कॅथलिक शाळा हे याचे विशेष बोलके उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील दुष्काळाने देशोधडीला लागलेली माणसे ग्लासगो आणि परिसरातील गिरण्या, गोद्या, कोळशाच्या खाणी यांत कामाला आली. त्यांच्या मुलांसाठी चर्चने, धर्मभगिनींनी आणि गरीब वस्त्यांतील लोकांनी पैसा पैसा जमवून शाळा चालवल्या. १९१८ च्या कायद्याने या शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या. खर्च सार्वजनिक तिजोरीतून होऊ लागला आणि धार्मिक स्वरूपही राखले गेले. आज अशा साडेतीनशेहून अधिक शाळा आहेत. त्यांत अन्य धर्मांची मुलेही शिकतात. ग्लासगोतील एखाद्या कॅथलिक प्राथमिक शाळेत तर मुस्लिम मुलांचीच संख्या मोठी आहे.

या शाळांना दोन आरशांत पाहावे लागते. एक आरसा सर्व शाळांना समान. ‘आपली शाळा किती चांगली आहे?’ अशा सरळ नावाची ही मार्गदर्शिका १९९६ मध्ये प्रथम निघाली आणि तिची चौथी आवृत्ती २०१५ मध्ये आली. दुसरा आरसा खास कॅथलिक शाळांचा: प्रार्थना, शुभवर्तमानातील मूल्ये, समाजहिताची सेवा हे सारे भिंतीवरच्या फलकाबाहेर, रोजच्या वागण्यात दिसते का? दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. गणितात मागे पडलेली मुले मोजता येतात. ‘आमच्या शाळेत प्रत्येकाला मान मिळतो’ हे वाक्य मात्र कोणतीही शाळा डोळे मिटून लिहू शकते. ‘आमच्या घरात आजींना काही कमी पडू देत नाही’ हे वाक्यही त्याच जातीचे आहे.

पहिल्या मार्गदर्शिकेच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत. आपले कसे चालले आहे? ते आपल्याला कशावरून कळते? आता आपण काय करणार?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे सगळ्यांकडे तयार असतात. खरी मेख मधल्या प्रश्नात आहे.

कशावरून कळते?

स्कॉटिश शाळांना यासाठी तीन बाजूंनी पुरावा गोळा करायला सांगितले जाते: आकडे, प्रत्यक्ष निरीक्षण आणि संबंधित माणसांचे म्हणणे. तिन्ही बाजू एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की निष्कर्षावर भरवसा ठेवायचा. एकट्या आकड्यांवर नाही आणि एकट्या भावनेवरही नाही.

माणसांचे म्हणणे विचारल्यावर काय हाती लागते, याचा एक मासला पाहा. काही वर्षांपूर्वी ग्लासगोमध्ये बालदारिद्र्यावर काम करणाऱ्या एका संस्थेने शाळांतील मुलांनाच विचारले की शाळेत येण्यासाठी घरच्यांना किती झीज सोसावी लागते. शाळांत अधूनमधून गणवेशाला सुट्टी असे. एखाद्या सत्कार्यासाठी एक पौंड द्यायचा आणि आवडीचे कपडे घालून यायचे. शिक्षकांच्या दृष्टीने हा आनंदाचा, शिवाय पुण्याचा दिवस. मुलांकडून कळले की ज्यांच्याकडे तो पौंड नसे किंवा चारचौघांत घालण्याजोगे कपडे नसत, ती त्या दिवशी घरीच राहत. हजेरीपटावर नुसती गैरहजेरी दिसत होती. कारण मुलांच्या पोटात होते, आणि ते आजवर कोणी विचारले नव्हते.

आता आपल्या घराकडे वळू. आजोबा लग्नकार्याला येत नाहीत, सोसायटीच्या कट्ट्यावर जाणे त्यांनी बंद केले आहे, भिशीच्या जेवणाला आजी ‘तुम्हीच जा’ म्हणतात. घरचे म्हणतात, स्वभाव चिडचिडा झाला, वय झाले. विचारल्यावर कदाचित निघेल ते असे: लघवीला वारंवार जावे लागते आणि कार्यालयात स्वच्छतागृह कुठे असेल याची धास्ती वाटते. किंवा गोंगाटात काही ऐकू येत नाही आणि ‘काय म्हणालात?’ असे पुन्हा पुन्हा विचारण्याची लाज वाटते. किंवा कवळी सैल झाली आहे. यातल्या प्रत्येकावर काही ना काही इलाज आहे. ‘स्वभाव’ असे निदान केले की तो इलाज कोणी शोधतच नाही.

विचारण्याचीही एक रीत असते. ‘बरे आहे ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. ‘दिवसातली कुठली वेळ नकोशी वाटते?’, ‘अंघोळीला जाताना काय सांभाळावे लागते?’, ‘आम्ही करतो त्यातले काय नाही केले तर बरे होईल?’ असे विचारावे. शेवटचा प्रश्न विचारताना थोडे मन घट्ट करावे लागते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला असे मोकळे प्रश्न पेलत नाहीत. तिथे दोन वस्तू समोर धरून निवड करू द्यावी, आणि चेहरा, हातांची अस्वस्थता, ताटात उरलेले अन्न यांवरून उत्तर वाचावे. तोही पुरावाच.

आकड्यांच्या बाजूने घरात फार काही लागत नाही. महिन्यातून एकदा वजन. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीचे तीन किलोहून जास्त, तर ‘वयाने अंग उतरले’ म्हणून न सोडता डॉक्टरांना सांगावे. दुसरी गोष्ट उठून चालण्याची. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर नेहमीच्या चालीने चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. रोजच्या चपला असू द्याव्यात, काठी वापरत असतील तर काठीही. शेजारी एकाने सावध उभे राहावे आणि घड्याळ पाहावे. याला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांच्या बाबतीत हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण, स्मरण आणि मनःस्थिती या सहा क्षमतांकडे नियमित लक्ष ठेवायला सांगते. आपण बहुधा रक्तदाब आणि साखर एवढीच पाहतो, कारण त्यांची यंत्रे घरात असतात.

आठ शब्द

मुलाचे एकूण बरे चालले आहे की नाही, हे ठरवण्यासाठी स्कॉटलंडमधील शाळा आठ शब्दांचा आधार घेतात. मूल सुरक्षित आहे का, निरोगी आहे का, प्रगती करते आहे का, त्याला मायेने वाढवले जाते का, ते क्रियाशील आहे का, त्याला मान मिळतो का, त्याच्यावर काही जबाबदारी आहे का, आणि त्याला सामावून घेतले जाते का. २०१४ च्या बालकविषयक कायद्यातही हे शब्द आले आहेत.

हेच आठ शब्द आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीला लावून पाहा. बहुतेक घरे पहिल्या दोन शब्दांवर जीव तोडून मेहनत घेतात. सुरक्षित आणि निरोगी: औषधे वेळेवर, पथ्य काटेकोर, घरी देखरेखीला बाई, स्नानगृहात रबरी पायपुसणे. शेवटच्या तिघांपाशी मात्र हात आखडतो. मान म्हणजे वाकून नमस्कार एवढेच नाही. डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्या देखत ‘ह्या काही खात नाहीत’ असे त्यांच्या वतीने बोलले जाते तेव्हा मान कमी होतो. त्यांच्या बँकेचा, घराच्या दुरुस्तीचा निर्णय त्यांना नंतर कळतो तेव्हाही.

जबाबदारी हा शब्द तर आपल्याला वृद्धांच्या संदर्भात सुचतच नाही. ‘आता तुम्ही आराम करा’ हे आपण प्रेमाने म्हणतो, आणि एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतो. तिकडच्या शाळेत पाच वर्षांच्या मुलाकडेही काही ना काही सोपवलेले असते. वरच्या वर्गातील मुले नव्याने आलेल्या चिमुरड्यांची सोबती होतात. घरात दुधाचा हिशेब, नातवाला पाढे, कुंड्यांना पाणी, भाजी निवडणे, देवपूजा, कुळधर्माच्या तिथी सांगणे यांतले एखादे काम पूर्णपणे त्यांचे असावे. पूर्णपणे म्हणजे ते चुकले तर थोडे चुकू द्यायचे. भाजी जाडसर निवडली गेली तर आभाळ कोसळत नाही.

क्रियाशील या शब्दावरून स्टर्लिंग शहरातील एका शाळेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सेंट निनियन्स तिचे नाव. नावात संत असला तरी ही कॅथलिक शाळा नव्हे, स्थानिक परिषदेची सर्वसाधारण शाळा आहे. २०१२ मध्ये तेथे स्वेच्छेने मदतीला येणारी एक वृद्ध व्यक्ती मुलांना म्हणाली की तुम्ही काही तंदुरुस्त दिसत नाही. मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी ते मनाला लावून घेण्याऐवजी तपासून पाहिले. व्यायामशिक्षकांना विचारले, त्यांनीही दुजोरा दिला. मग एका वर्गाला मैदानाला फेरी मारायला सांगितले, तर बरीच मुले धापा टाकू लागली. उपाय अगदी साधा निघाला: रोज पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत, आपापल्या गतीने धावायचे किंवा चालायचे. वेगळा पोशाख नाही, साहित्य नाही, स्पर्धा नाही. काही आठवड्यांत मुले पंधरा मिनिटांत साधारण एक मैल सहज कापू लागली. ‘डेली माइल’ या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांतील हजारो शाळांत गेला.

हा उपक्रम इतका लोकप्रिय झाल्यावरही त्याची परीक्षा थांबली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्कॉटिश अभ्यासात मुलांची तंदुरुस्ती वाढलेली दिसली. पुढे बर्मिंगहॅममधील मोठ्या चाचणीत वजनावर विशेष परिणाम आढळला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि त्या दोन्ही सांगितल्या गेल्या हे मला त्यांतले सर्वांत आरोग्यदायी वाटते. आपल्या घरातील एखाद्या काढ्याची किंवा तेलाची अशी निरपेक्ष तपासणी करायची कोणाची तयारी असते?

वेळेचा हिशेब

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ: आता काय करणार? शाळांच्या जुन्या आराखड्यांत वीस-पंचवीस उद्दिष्टे असत आणि वर्षअखेर ती धूळ खात पडत. अनुभवाने शाळा आता मोजकीच, बहुधा तीनचार, उद्दिष्टे घेतात; प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव, मुदत आणि बदल झाला हे कशावरून ओळखायचे ते लिहितात.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. तेथील शिक्षकाचा कामाचा आठवडा करारानुसार पस्तीस तासांचा आहे. वर्षातील तासांची वाटणी प्रत्येक शाळेत शिक्षकांशी बोलून ठरते आणि सुधारणा आराखडा त्या तासांत बसवावा लागतो. एखादे नवे काम घ्यायचे तर कोणते जुने काम सोडायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. तरीही कागदपत्रांच्या ओझ्याविषयी शिक्षकांच्या तक्रारी सुरूच असतात, हेही खरे. आपल्याकडे २०१५ मध्ये आलेल्या ‘शाळासिद्धी’च्या सात क्षेत्रांची माहिती भरण्यात ज्यांनी रात्री जागवल्या, त्या निवृत्त गुरुजनांना हे निराळे सांगायला नको. आढावा हे साधन आहे. तोच ओझे होऊन बसला तर मुलांसाठी राखलेला वेळ तो खाऊन टाकतो.

काळजी घेणाऱ्या सुनेचे, मुलीचे, पत्नीचे तास कोण मोजते? पहाटे पाचला गरम पाणी, रात्री दोनदा उठणे, मधल्या वेळात नोकरी किंवा स्वयंपाक. डॉक्टर ‘रोज अर्धा तास व्यायाम करून घ्या’ म्हणतात, आहारतज्ज्ञ ‘दर दोन तासांनी थोडे द्या’ म्हणतात, नात्यातले कोणी फोनवर तेलाच्या मालिशीचा सल्ला देते. सल्ला प्रत्येकाचा योग्य असतो, बेरीज मात्र अशक्य असते. म्हणून घराच्या आराखड्यात पहिली ओळ काळजीवाहकाच्या वेळेची असावी. नवे काम घेताना कोणते काम कमी होईल किंवा दुसऱ्या कोणाकडे जाईल, ते त्याच बैठकीत, परगावच्या भावंडांना फोनवर घेऊन, नावानिशी ठरावे. काळजी घेणाऱ्या व्यक्तीची झोप तुटते आहे का, तिची स्वतःची तपासणी पुढे ढकलली जाते आहे का, तिला विनाकारण रडू येते का, हेही आढाव्याचेच प्रश्न आहेत.

आणि उद्दिष्टे घरासाठी दोनच पुरेत. समजा एक ठरले: रात्री शौचालयाला सुखरूप जाऊन येणे. ‘काळजी घ्यावी’ असे लिहून भागणार नाही. पलंगापासून दारापर्यंत मंद दिवा कोण लावणार, कमोडशेजारी आधाराची दांडी कोणत्या तारखेपर्यंत बसणार, सुटे गालिचे कोण उचलणार, आणि सर्व गोळ्या, काढे, दुकानातून आणलेली औषधेसुद्धा एका पिशवीत घालून डॉक्टरांना कधी दाखवायची. झोपेच्या व रक्तदाबाच्या काही औषधांनी उठल्यावर तोल जातो, त्यामुळे ही पिशवी महत्त्वाची. कोणतीही गोळी मात्र आपणहून बंद करू नये. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसण्याची सवय. बदल कशावरून ओळखायचा? पडणे किंवा पडता पडता सावरणे किती वेळा झाले याची नोंद, आणि महिन्यातून एकदा घड्याळ लावून त्या तीन मीटरांची फेरी.

स्कॉटलंडमधील आढाव्यात शाळेच्या कामाला ‘उत्कृष्ट’ ते ‘असमाधानकारक’ अशा सहा श्रेणी देतात. घराला श्रेणी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेतले अपुरेपण वीस जणांत वाटले जाते; घरात ते एका बाईच्या माथी बसते. त्याऐवजी कॅथलिक परंपरेतील एक जुनी रीत घ्यावी. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स (१८६७), मुंबईची सेंट झेवियर्स (१८६९) या शाळा त्यांच्याच येशूसंघाच्या; आपल्यापैकी अनेकांनी वा त्यांच्या मुलांनी तेथे शिक्षण घेतले असेल. या परीक्षणात चुका आठवणे ही पहिली पायरी नाही. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल कृतज्ञता, मग पाहण्याची दृष्टी मिळावी ही प्रार्थना, त्यानंतर दिवसाची उजळणी, चुकल्याची क्षमा आणि उद्याचा निश्चय. हा क्रम कोणत्याही धर्माच्या घरात चालतो. निजण्यापूर्वी दिवसातली एक बरी गोष्ट आठवायला काही क्षण पुरतात: आज आईने दोन घास जास्त खाल्ले, आज बाबा जिना चढताना हसले.

मोठा आढावा मात्र तीन महिन्यांतून एकदा, सर्वांनी मिळून. दिवाळी, संक्रांत, पाडवा, गुरुपौर्णिमा अशा आपल्या सणांना जोडून ठेवला तर लक्षात राहतो आणि परगावची माणसेही घरी असतात. त्यासाठी एक साधी वही करावी. पहिल्या पानावर, ज्यांची काळजी घ्यायची त्यांनी स्वतः लिहावे की येत्या तीन महिन्यांत त्यांना काय हवे आहे. हात थरथरत असेल तर त्यांनी सांगावे आणि नातवंडाने लिहून घ्यावे, त्यांच्याच शब्दांत, दुरुस्ती न करता.